ब्रेकआउट घेताना माझे 345 डॉलर गेले, ते असे

जुनं ॲटारी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, विकत घ्यायचं मनात असेल तर हे आधी वाचा. विकणारा फोनवर गोड मराठी बोलत असेल तर जरूर वाचा.

1983 साली मामा मस्कतहून डोंबिवलीला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत ॲटारी 2600 होतं आणि सोबत ब्रेकआउट या गेमची कॅसेट. वर विटांची भिंत, खाली सरकणारी फळी, मधे उसळणारा चेंडू. गेम एवढाच, पण चाळीतली निम्मी पोरं संध्याकाळी आमच्या दाराशी बसलेली असायची. दादा त्यात तरबेज होता. एकामागून एक येणाऱ्या दोन्ही भिंती पूर्ण फोडल्या की 864 गुण होतात आणि त्यापुढे मिळायला काही उरत नाही. दादानं ते एकदा केले होते. त्या रात्री आईनं जेवायला तीनदा हाक मारली तरी तो जागचा हलला नव्हता. पुढे पॅडल, म्हणजे फळी सरकवायचा नॉब असलेला कंट्रोलर, बिघडलं, घर बदललं, यंत्र कुठे गेलं कुणालाच आठवत नाही.

आता मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. यंदा जूनमध्ये दादा पहिल्यांदाच माझ्याकडे येणार होता. त्याची साठी झालीय. त्याच्या हातात पुन्हा एकदा ते पॅडल द्यायचं, असं मी ठरवलं आणि घाई केली.

एका जाहिरातीत संच दिसला. पुढे लाकडी पट्टी असलेलं यंत्र, ब्रेकआउटची कॅसेट, पॅडलची जोडी, 'तपासलेलं, चालू स्थितीत', 280 डॉलर. विकणारा कॅलिफोर्नियातला. माझं आडनाव बघून त्याचा पहिलाच मेसेज मराठीत आला, "ताई, मूळच्या कुठल्या तुम्ही?" मग फोन झाला. तो नाशिकचा, सासरे सनीवेलला ॲटारी कंपनीत नोकरीला होते म्हणे आणि संच त्यांच्याच गॅरेजमधला. बोलता बोलता त्यानं ब्रेकआउटची जन्मकथाही सांगितली. ॲटारीनं हे काम स्टीव्ह जॉब्सकडे दिलं आणि पुढे त्याच्यासोबत ॲपल काढणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियाकनं चार दिवसांत, रात्री जागून, त्याचं सर्किट तयार केलं. गोष्ट खरीच आहे. तिचा पुढचा भाग मात्र त्यानं सांगितला नाही. त्या कामाचे आपल्याला 350 डॉलर मिळाले आणि मोठ्या बोनसचा जॉब्सनं पत्ताच लागू दिला नाही, असं वॉझ्नियाकनं पुढे लिहिलंय. जॉब्सनं ते नाकारलं होतं. मला तेव्हा एवढंच वाटलं की ज्याला इतकं माहीत आहे, तो खरा शौकीन असणार.

चालू असल्याचा पुरावा मागितल्यावर 20 सेकंदांचा व्हिडिओ आला. त्यात नुसता पडदा होता. भिंत, चेंडू, विटा फुटतायत, गुण वाढतायत. मी तो निदान वीस वेळा पाहिला असेल, आनंदानं. पैसे देताना तो म्हणाला, "कार्डानं दिले तर उगाच कमिशन जातं ताई, आपल्या माणसांत कशाला? थेट खात्यावर टाका." मी टाकले.

आठ दिवसांनी खोकं आलं, अगदी नीट बांधलेलं. ॲटारीची वायर आताच्या टीव्हीला तशीच लागत नाही. केबलच्या जागी बसणारा एक छोटा जोड घ्यावा लागतो आणि टीव्ही 3 नंबरच्या चॅनेलवर न्यावा लागतो. हे सगळं करून स्विच सरकवला आणि भिंत उभी राहिली. माझे डोळे भरून आले. लाल बटण दाबलं, चेंडू येईना. नॉब फिरवला, फळी एका कडेला चिकटलेली, हलेना. नॉब मात्र फिरतच राहिला. गोल गोल, कुठे अडेचना.

पॅडल असं फिरत नाही. जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागे असतो, तसाच पोटेन्शिओमीटर त्यात असतो. तो दोन्ही टोकांना अडतो. शिवाय पॅडलची जोडी एकाच प्लगला जोडलेली असते. माझ्याकडे आलेल्या दोघांना दोन वेगळे प्लग होते. ते होते ड्रायव्हिंग कंट्रोलर, इंडी 500 या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमसाठी 1977 साली काढलेले. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखेच, पण आतली रचना वेगळी. ब्रेकआउटला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

फोन केला तर तो हळहळला. "अरेरे ताई, सासऱ्यांनी दोन्ही एकाच पिशवीत ठेवले होते बघा. खरे पॅडल इथेच आहेत, उद्याच पाठवतो." फक्त कुरिअर आणि अनामत मिळून 65 डॉलर टाका, चुकीचे परत आले की अनामत परत. मी तेही टाकले. पहिल्या 280 पेक्षा हे 65 मला जास्त लागलेत. त्यानंतर फोन बंद.

दादा आला. मी काही बोलायच्या आधीच त्यानं कंट्रोलर हातात घेतला आणि अंगठा नॉबखालच्या पट्टीवरून फिरवला. तिथे नाव छापलेलं असतं, पॅडल असेल तर 'पॅडल', ड्रायव्हिंग असेल तर 'ड्रायव्हिंग'. दोन्हींवरचं नाव खरवडून काढलेलं होतं. पिशवीतली अदलाबदल वगैरे काही नव्हतं. मग मी त्याला व्हिडिओ दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं फोन डोळ्यांजवळ धरला.

"अगं, हा आपला गेम नाहीच. रांगा मोज."

आठ होत्या. घरच्या ॲटारीवर सहाच असतात. खालच्या दोन रांगांतल्या विटेला 1 गुण, मधल्या दोनला 4, वरच्या दोनला 7. व्हिडिओत एक वीट फुटली आणि गुण 3 नं वाढले. 1, 3, 5, 7 हा हिशेब आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या, मोठ्या यंत्राचा. कुणीतरी तो गेम कॉम्प्युटरवर चालवून पडदा टिपला होता. ही कॅसेट त्यानं कधी लावूनही पाहिली नसेल.

बँकेनं सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत, परत मिळणार नाहीत. एफबीआयचं इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारींचं केंद्र आहे, तिथे ऑनलाइन तक्रार केलीय. रक्कम लहान म्हणून सोडू नका, आणि मेसेज, पावत्या, खात्याचा तपशील काही पुसू नका.

घेणार असाल तर विकणाऱ्याकडून असा व्हिडिओ मागा, ज्यात टीव्ही, यंत्रात बसवलेली कॅसेट आणि नॉबवरचा हात एकाच चौकटीत दिसेल, शेजारी तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद असेल. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून दाखवायला सांगा. प्लगचा फोटो मागा. खेळताना फळी थरथरत असेल तर मात्र ती फसवणूक समजू नका. इतक्या वर्षांनी आत घाण साचते, संपर्क साफ करायचा स्प्रे मारला की बहुतेकदा बरं होतं. पैसे कार्डानंच द्या. जो त्यालाच हरकत घेतो, त्याचं गाव नाशिक असो की नागपूर, तिथेच थांबा.

दादा परत गेला. संच मी कपाटात ठेवलाय, पॅडलची खरी जोडी शोधते आहे. मागच्या आठवड्यात शोधता शोधता तीच जाहिरात पुन्हा समोर आली. माझ्या संचाचे तेच फोटो, तोच आठ रांगांचा व्हिडिओ, विकणाऱ्याचं नाव दुसरं, किंमत 310 डॉलर. मी जाहिरात छापणाऱ्यांना कळवलंय. हे लिहीपर्यंत ती उतरवलेली नाही.