रेडिएशननंतरचं हाड: नुसता कृत्रिम ग्राफ्ट की सोबत अस्थिमज्जा?

निरोगी हाडात कृत्रिम ग्राफ्ट, म्हणजे हाडातली पोकळी भरायचे कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे, एकटेही काम भागवतात: त्यातला एक घटक, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हळूहळू विरघळतो, दुसरा, हायड्रॉक्सीॲपेटाइट, टिकून राहतो आणि शेजारच्या पेशी आत शिरून हाड रचतात. कॅन्सरसाठी रेडिएशन झालेल्या जबड्यात मात्र शेजारच ओसाड! रक्तवाहिन्या आकसलेल्या, पेशी विरळ. दाण्यांनी जागा भरते, पण नवं हाड जेमतेमच धरतं.

अस्थिमज्जा, म्हणजे हाडाच्या आतला पेशींनी भरलेला मऊ गाभा, दाण्यांत मिसळली की पेशी सोबतच येतात. कमरेच्या हाडातून सुईने ओढलेली ताजी मज्जा त्याच शस्त्रक्रियेत वापरता येते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या जोडीने नुसत्या दाण्यांपेक्षा जास्त हाड तयार झालं. सुईची एक जखम वाढते खरी, पण माझ्या मते ती परवडते. जबड्याचा मोठा तुकडाच गेला असेल, तर रक्तवाहिनीसकट पायातलं फिब्युला हे हाड बसवणंच अजूनही भरवशाचं.