हवामान बदलताना आधी कुठली जमीन राखायची? चार पद्धतींची तुलना

आपल्या विभागातली जमीन वन्यजीवांसाठी राखायची आहे, पण पैसा तिच्या जेमतेम दहाव्या हिश्शाला पुरेल एवढाच, आराखडा वर्षभरात द्यायचा, आणि आज जिथे प्राणी आहेत तिथे ते पुढे राहतीलच याची खात्री नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात प्रजाती दर दशकाला सुमारे १७ किलोमीटर ध्रुवांकडे आणि ११ मीटर उंचीकडे सरकताना दिसल्या. संरक्षित क्षेत्राची हद्द मात्र एकदा आखली की जागची हलत नाही. अशा वेळी जागा निवडण्याच्या वाटा मुख्यतः चार आहेत, आणि प्रत्येक वाटेवरचे खड्डे वेगळे आहेत.

प्रजातींच्या प्रसाराचं मॉडेल

प्राणी कुठे दिसला याच्या नोंदी आणि तिथलं हवामान यांची सांगड घालायची, मग तेच गणित भविष्यातल्या हवामानाला लावायचं. मॅक्सएंट हे यातलं सर्वात रुळलेलं सॉफ्टवेअर, कारण त्याला फक्त 'दिसला' एवढ्याच नोंदी पुरतात. हवामानाचे नकाशा-थर वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान-माहितीच्या संग्रहावरून मोफत मिळतात: १९७० ते २००० ची सरासरी, तापमान-पावसाचे १९ निर्देशक, सुमारे १ किलोमीटरचा चौकोन. नकाशा देखणा येतो आणि बैठकीत भाव खाऊन जातो, म्हणूनच त्याच्याबद्दल जास्त लिहावं लागतं.

सर्वात महाग पडणारी चूक नोंदी छाटताना होते. काम आपल्या विभागाचं म्हणून नोंदीही विभागापुरत्या घेतल्या, तर बाहेरच्या जास्त उष्ण प्रदेशात हीच प्रजाती व्यवस्थित जगते हे मॉडेलला कळतच नाही आणि २०७० च्या नकाशातून ती उगाचच पुसली जाते. मॉडेल प्रजातीच्या संपूर्ण प्रसारक्षेत्रावर शिकवा, नकाशा तेवढा विभागाचा काढा.

दुसरी अडचण रस्त्याकडेच्या नोंदींची. माणसं जिथे सहज पोचतात तिथेच प्राणी 'दिसतात'. एका चौकोनात एकच नोंद ठेवावी. तुलनेसाठी घ्यायचे पार्श्वभूमीचे बिंदूही त्याच गटातल्या इतर प्राण्यांच्या नोंदी जिथे आहेत तिथूनच घ्यावेत, म्हणजे दोन्हीकडे पक्षपात सारखा राहतो. चाचणीसाठी नोंदी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या विभागल्या तर शेजारशेजारच्या दोन बिंदूंपैकी एक शिकवणीत आणि दुसरा परीक्षेत जातो, आणि गुण फुगतात. त्याऐवजी प्रदेशाचे मोठे तुकडे पाडून एकेक तुकडा पूर्णपणे बाजूला ठेवून तपासा. गुण घसरतील, खरे गुण तेच. सगळे १९ निर्देशक घालण्याचा मोहही टाळावा. दोहोंमधला सहसंबंध ०.७ च्या वर असेल तर एक काढावा, आणि प्रत्येक निर्देशकामागे निदान दहा नोंदी हव्यात, असा ढोबळ नियम आहे. तीसेक स्वच्छ नोंदीही नसतील तर आमच्या मते या वाटेला जाऊच नये.

भविष्यासाठी एकाच हवामान मॉडेलवर विसंबू नका. चार-पाच मॉडेलं आणि किमान दोन उत्सर्जन-परिस्थिती घ्या, उदाहरणार्थ एसएसपी२-४.५ (मध्यम उत्सर्जन) आणि एसएसपी५-८.५ (खूप जास्त उत्सर्जन). तापमान वाढणार यावर सगळ्यांचं एकमत असतं, पण पाऊस वाढेल की घटेल यावर अनेक प्रदेशांत मॉडेलं चक्क भांडतात. सरासरी काढली की ते भांडण दिसेनासं होतं. किती मॉडेलं कुठे सहमत आहेत याचा नकाशा वेगळा जोडा.

हवामान-आश्रयस्थळं

इथे प्रश्न उलटा असतो: कोण कुठे जाईल यापेक्षा बदल कुठे सावकाश होईल. आजचंच तापमान हवं असेल तर दरवर्षी किती सरकावं लागेल, याला हवामानाचा वेग म्हणतात. २००९ च्या एका अभ्यासात त्याची जागतिक सरासरी वर्षाला ०.४२ किलोमीटर निघाली, तर पाणथळ गवताळ प्रदेशांत १.२६. कारण साधं आहे. डोंगरात दर १०० मीटरला तापमान सुमारे ०.६५ अंश सेल्सिअसने उतरतं, म्हणजे एका अंशासाठी दीडशे मीटर चढलं की भागतं. सपाटीवर मध्य अक्षांशांत त्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटर जावं लागतं. मात्र शिखरांबाबत हा नकाशा फसवतो. तिथे वेग कमी दिसतो, पण वर सरकायला जागाच उरलेली नसते. शिखरावरच्या प्रजाती वेगळ्या खुणेने दाखवा.

खरी आश्रयस्थळं बहुधा १ किलोमीटरच्या चौकोनात हरवून जातात: थंड हवा साचणाऱ्या दऱ्या, ध्रुवाकडे तोंड असलेले उतार, बारमाही झरे, मोठ्या दगडांच्या राशी, दाट झाडोरा. २०१९ च्या एका जागतिक संकलनात जंगलाच्या छताखालचं कमाल तापमान उघड्यापेक्षा सरासरी ४ अंशांनी कमी आढळलं. अर्थात तोड किंवा वणव्यात छत गेलं की हा आश्रयही जातो. अशा जागा शोधायला ३० मीटरचा उंचीचा थर घ्या, त्यावरून उतार आणि दिशा काढा आणि प्रत्येक प्रकारच्या जागी किमान तीन तापमान-नोंदक लावा. सगळे एकाच उंचीवर, तासाला एक नोंद, निदान एक पूर्ण वर्ष. वर हवेशीर पांढरं आच्छादन नसेल तर ऊन थेट नोंदकावर पडतं, आकडे कित्येक अंशांनी चढतात आणि वर्ष फुकट जातं.

भूरूपांचं वैविध्य

नट म्हणजे प्रजाती बदलल्या तरी रंगमंच म्हणजे जमिनीची विविधता शाबूत ठेवायची, हा इथला विचार. २०१० साली अमेरिकेच्या ईशान्य भागातली १४ राज्यं आणि कॅनडाचे ३ प्रांत तपासले गेले, तेव्हा खडकांचे प्रकार, अक्षांश, उंचीचा पल्ला आणि चुनखडीयुक्त खडकाचं प्रमाण यांवरूनच प्रजातींच्या संख्येचा मोठा भाग उलगडला. या पद्धतीला भविष्याचा अंदाज लागतच नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. उंची, खडक आणि भूआकार एकमेकांवर ठेवायचे आणि प्रत्येक जोडणीचा किती वाटा संरक्षित आहे ते मोजायचं. उत्तर बहुतेकदा ओळखीचं येतं: उंच, खडकाळ, नापीक जमीन भरपूर राखलेली आणि सखल सुपीक जमीन जवळपास नाहीच. वर्ग मात्र आटोक्यात ठेवा. ६ उंची, ८ खडक आणि ९ आकार म्हणजे ४३२ जोडण्या. त्यातल्या कित्येक नुसत्या थरांच्या कडा न जुळल्याने उमटलेल्या चिंध्या. तीस ते पन्नास पुरे. एकाच ओढ्यावर जगणारा बेडूक या पद्धतीला दिसत नाही, त्याची यादी हाताने जोडावी लागते.

जोडमार्ग

जोडमार्ग म्हणजे प्राण्यांना एका तुकड्यातून दुसऱ्यात जाता येईल अशा वाटा. सर्किटस्केप हे सॉफ्टवेअर जमिनीच्या अडथळ्यांवरून प्राण्यांची ये-जा वाहत्या विजेसारखी मोजतं. पण अडथळ्याचे आकडे बहुधा तज्ज्ञांच्या अंदाजाचे असतात. ते दुप्पट-निमपट करून पुन्हा चालवा. जे मार्ग तरीही टिकतात तेवढेच धरा. मार्ग उष्णतेकडून थंडाव्याकडे जायला हवा. दोन सारखेच तापणारे तुकडे जोडून हवामानाच्या दृष्टीने फारसं हाती लागत नाही.

मग कोणती?

मार्क्सन, झोनेशन, प्रायोरिटायझर ही सॉफ्टवेअरं या चार पद्धतींना पर्याय नव्हेत, त्यांची उत्तरं एकत्र मांडायची साधनं आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळक्षेत्राच्या २००४ च्या नव्या आखणीत मार्क्सनचा आधार घेतला गेला आणि मासेमारीबंद क्षेत्र ५ टक्क्यांच्या आतून ३३ टक्क्यांवर गेलं. मार्क्सन आणि प्रायोरिटायझरला कशाचा किती वाटा राखायचा ही उद्दिष्टं आणि जमिनीच्या खर्चाचा थर लागतो. झोनेशन ठरावीक उद्दिष्टाशिवायही सगळ्या विभागाची क्रमवारी लावतं. खर्चाऐवजी नुसतं क्षेत्रफळ भरलं की यादीत नेमकी न परवडणारी जमीन वर येते.

नोंदी थोड्या आणि हाती एकच वर्ष असेल तर भूरूपं आणि आश्रयस्थळं यांवर भर द्या. दोन-चार ठरावीक प्रजातींची जबाबदारी असेल आणि नोंदी चांगल्या असतील तर मॉडेल कामाला येतं. विभाग रस्त्यांनी आणि शेतांनी तुकड्या-तुकड्यांत विभागलेला असेल तर जोडमार्गांपासून सुरुवात करा. पद्धती जिथे एकमेकींशी सहमत आहेत तिथली जमीन आधी घ्या. जिथे नाहीत तिथे आधी पाहणी करा. आणि अमुक भागात प्रजाती टिकणार नाही असं मॉडेलने सांगितलं म्हणून तो भाग यादीतून काढून टाकू नका. नव्या जागी जाणारे प्राणी आज तिथेच जन्मतायत.