बाख ३सी माउथपीस : नऊ महिने वाजवल्यानंतर

ट्रम्पेटसोबत आलेला ७सी माउथपीस, म्हणजे ओठाला लावायचं सुटं तोंड, मी अकरा वर्षं वाजवला. आमच्याकडे बहुतेकांची सुरुवात त्याच्यावरच होते. गेल्या ऑक्टोबरमध्ये बाख कंपनीचा ३सी घेतला, आता जुलै लागला. लग्नं, फेस्तं (चर्चचे सण), फेस्ताच्या पहाटे बँड वाजवतो ते आल्वोराद, सगळं त्याच्यावर वाजवून झालंय, म्हणून आता सांगायला हरकत नाही.

आधी आकड्यांचा घोळ. बाखमध्ये आकडा जितका लहान तितका कप, म्हणजे ओठ टेकतात ती वाटी, रुंद, आणि अक्षर ए-कडून एफ-कडे सरकेल तसा कप उथळ. यामाहाचं उलट, तिथे आकडा वाढला की रुंदी वाढते. दोघांचे आकडे शेजारी ठेवून खरेदी केलीत तर हमखास फसाल. बाखच्या तक्त्यात ७सीचा आतला व्यास १६.२० मिमी, ३सीचा १६.३०. फरक फक्त ०.१० मिमी! कागदावर काहीच नाही, पण ओठाला पहिल्या फुंकरीत कळतो. त्यातून रिमची, म्हणजे वाटीच्या काठाची, घडणही वेगळी. माझ्या ओठांवर तरी ३सीचा भार जास्त जागेवर पसरतो.

हा पसरलेला भार मला खरा कळला तो रिसेप्शनच्या तिसऱ्या तासाला. ७सीवर दोन तासांत वरच्या ओठावर गोल वळ उमटायचा. मग वरचे सूर निघेनात म्हणून मी माउथपीस आणखी दाबायचो. दाबलं की ओठ मोकळा थरथरत नाही, सूर फाटतो, आणि आपण अजूनच दाबतो. जानेवारीत मडगावजवळच्या एका लग्नात शेवटच्या मांडोपर्यंत (हे आमचं संथ गोंयकार गाणं) वाजवलं आणि घरी आल्यावर आरशात पाहिलं, तर वळ होता, पण फिका. त्या रात्री मी खूप खूश होतो.

पण तिथवर यायला वेळ लागला. पहिले तीन आठवडे खालचा सी हा सूर भरदार आणि वरचा सी मात्र हाती लागत नव्हता. परत करायचा विचार दोनदा केला. रोज वीस मिनिटं नुसते लांब, हळू सूर धरत राहिलो. माझे मेश्त, म्हणजे गुरुजी, म्हणायचे, ‘पयलो सकयलो सूर बरो कर, वयलो आपशींच येतलो.’ (आधी खालचा सूर नीट कर, वरचा आपोआप येईल.) चौथ्या आठवड्यात तसंच झालं.

मधल्या काळात मित्राचा १½सीही वाजवून पाहिला. १७ मिमी. आवाज इतका रुंद आणि मऊ की देवळातल्या संथ गाण्यांना तोच लावावा. पण बँडमध्ये अर्ध्या तासात माझा दम संपला. उथळ ई कपावर वरचे सूर सहज मिळतात, मात्र सॅक्सोफोनच्या शेजारी आवाज कोरडा, बारीक लागतो. हळदोण्याच्या, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटच्या, गावात वाढलेल्या माणसांना ट्रम्पेट भरदारच ऐकायची सवय, त्यामुळे तो ई कपाचा मी परत केला.

एक सावधगिरीची गोष्ट. याआधी ऑनलाइन स्वस्तात घेतलेल्या माउथपीसचा शँक (मागचा निमुळता दांडा) ट्रम्पेटच्या नळीत नीट बसतच नव्हता. बोटाने हलवला की डुलायचा, आणि खालचे-वरचे सूर एकमेकांशी जुळायचे नाहीत. मी दोन महिने स्वतःच्या कानांना दोष दिला. नवा घ्याल तेव्हा आधी हलवून बघा. आणि अडकलाच तर पकडीने पिळू नका, ओढायचं खास साधन असतं ते मागा.

डिसेंबरातल्या आल्वोरादला धातू गार असतो, तेव्हा मी माउथपीस खिशात उबवत ठेवतो. पावसात चांदीचा मुलामा काळवंडतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि बारीक ब्रश पुरतो. पावडरने घासला तर मुलामा झिजतो आणि खालचं पितळ ओठाला लागून आग होते. तसं झालेला माणूस मी बँडमध्ये पाहिलाय.

दुकानात घेताना दहा मिनिटं वरचे सूर मारून ठरवू नका. निदान तासभर वाजवा, आणि शेवटची पंधरा मिनिटं मधल्या आणि खालच्या सुरांना द्या.

माझा ७सी आता भाच्याकडे आहे. तो बारा वर्षांचा आहे, आणि दोन वर्षं तरी मी त्याला तो बदलू देणार नाही.