लाल बॅग, तीन दुरुस्त्या आणि बर्डीतले काका

नागपूरला सीताबर्डीच्या मेन रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळीत बॅगा दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकानाला नाव नाही. पत्र्यावर पांढऱ्या रंगानं 'चेन, रनर, चक्का, हँडल' एवढंच लिहिलंय आणि त्यातलं 'हँडल' अर्धं उडालंय. तीन वर्षांत मी तिथं तीनदा गेले, तिन्ही वेळा एकच बॅग घेऊन. पाचपैकी साडेचार देते. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

पहिले बॅगेबद्दल. आमच्या लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं ठळक छापलं होतं. माझा मामा लग्नाच्या दिवशी अठ्ठावीस इंची लालभडक ट्रॉली बॅग घेऊन हजर. "हा आहेर नाही, हे सामान आहे," म्हणाला. आईनं ती रुखवतात मांडली, अनारशांच्या ताटाशेजारी, प्लॅस्टिक न काढता. ८ जून २०२२ची ही गोष्ट. येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यावर टिचकी मारून बघत होता, टरबूज बघतात तशी.

आठ दिवसांनी आम्ही पचमढीला निघालो. नागपूरहून रेल्वेनं निघून आम्ही इटारसीला पिपरियाची गाडी धरणार होतो, आणि पिपरियाहून पुढे पन्नासेक किलोमीटर घाट. इटारसीला आमच्याकडे पंचवीस मिनिटं होती. नवरा म्हणाला, आरामात. पुलाच्या पायऱ्या उतरताना त्यानं बॅग उचलायच्या ऐवजी पायरीपायरीनं सोडली. धाड, धाड, धाड, आणि चौथ्या की पाचव्या धाडला एक चाक निघालं. चाक आमच्या आधी खाली पोचलं. ते शोधून, खिशात घालून, बॅग दोघांनी पाळण्यासारखी धरून प्लॅटफॉर्मवर आलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसून राहिला होता. पुढच्या गाडीला तीन तास. लग्नानंतरचं आमचं पहिलं भांडण इटारसीला, पाण्याच्या नळाशेजारी झालं. विषय: सामान उचलतात की ओढतात.

हॉटेलात पोचलो रात्री साडेदहाला. आंघोळ करायची म्हणून बॅग उघडायला गेलो तर कुलूप निघेना. नंबर आमच्या लग्नाची तारीख, ०८६. दोघांनाही पाठ. उघडेना. कुलपाला किल्लीचं भोक दिसत होतं, म्हणून नवऱ्यानं पावणेअकराला मामाला फोन लावला. "किल्ली? किल्ली तं नव्हतीच बाप्पा!" मामा खरंच बोलत होता. अशा कुलपाचं ते भोक आपल्यासाठी नसतंच. ते अमेरिकेतल्या विमानतळावर सामान तपासणाऱ्यांसाठी असतं, किल्ली त्यांच्याकडे. आपल्याला फक्त तीन आकडे.

मी एका सीएच्या ऑफिसात हिशेब बघते. म्हटलं, ००० ते ९९९ म्हणजे हजार नंबर. एकाला दोन सेकंद धरले तरी तेहतीस-चौतीस मिनिटांत सगळे संपतात. रडायचं काय त्यात? पलंगावर मांडी घालून बसलो. मी फिरवत होते, नवरा खटका ओढत होता. ६१८ला उघडलं. वीस मिनिटं लागली असतील. कारण नंतर कळलं. अशा कुलपात टाचणीच्या टोकाएवढं एक बटण असतं. कुलूप उघडं असताना ते दाबून आकडे फिरवले की नंबर बदलतो. माझ्या नणंदेच्या सहा वर्षांच्या मुलानं बॅग भरताना तिथं पेन खुपसला होता. नंबर आम्ही परत बदलला नाही. आता आमच्या घरातल्या बहुतेक गोष्टींचा नंबर ६१८ आहे, आणि हे मी इथं लिहायला नको होतं.

नागपूरला परतल्यावर पहिले कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मुलानं बॅगेला हात न लावता सांगितलं की वॉरंटी बनावटीतल्या दोषाला आहे, चाकाला नाही. आणि वॉरंटी कार्ड? ते रुखवतातल्या प्लॅस्टिकबरोबर गेलं असणार. पैसे देऊन करायचं तर तीन आठवडे. ऑफिसातल्या एका ताईनं मग या काकांचा पत्ता दिला.

काका साठीच्या पुढचे. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. मागे संत्रा बर्फीचे रिकामे डबे रांगेनं, प्रत्येकात वेगळ्या मापाची चाकं, रिव्हेट, रनर. मी खिशातून आणलेलं चाक पुढे केलं. त्यांनी ते बोटावर फिरवून परत दिलं. "चाक साजरं आहे ताई. त्याचं घर फुटलं." चाक ज्या प्लॅस्टिकच्या वाटीत बसतं, ती वाटी म्हणजे चाकाचं घर. कंपनी ती वाटी बॅगेला रिव्हेटनं ठोकते. रिव्हेट एकदा ठोकलं की खोलता येत नाही, ड्रिलनं उडवावं लागतं. काकांनी आतल्या अस्तराची चेन उघडली, हात घातला, मान हलवली आणि म्हणाले, "नशीब, अस्तराला चेन हाय." अस्तर चिकटवलेलं असतं तर ते फाडल्याशिवाय आत हात जात नाही. मग त्यांनी रिव्हेट उडवलं, दुसरी वाटी बसवली आणि या वेळी नट-बोल्टनं आवळली, आतून वायसर घालून. "आता फुटलं तर घरी पान्यानं खोलता येईन."

बॅग विकत घेताना दुकानात सगळे टिचक्या मारतात. मी आता अस्तराला चेन आहे का ते बघते. दुकानदार विचित्र बघतात, बघू देत.

निघताना काकांनी बॅग उलटी केली आणि उरलेली तीन चाकं अंगठ्यानं चाचपली. "ही बॅग कोण ओढते? साहेब? डाव्या हातानं, तिरपी करून, फास्ट चालत." नवरा डावखुरा आहे. तो त्या वेळी ऑफिसात होता, काकांनी त्याला पाहिलंही नव्हतं. एका कोपऱ्यातलं चाक एका बाजूनं तिरकं घासलं होतं, पेन्सिल कटरनं तासल्यासारखं, त्यावरून ओळखलं. चार चाकांची बॅग उभी ढकलायची असते. तिरपी ओढली की सगळा भार दोन चाकांवर येतो. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर चार चाकं छान. आपल्या फुटपाथवर, पेव्हर ब्लॉकच्या फटींत, जुनी दोन मोठ्या चाकांची बॅगच बरी, हेही त्यांचंच म्हणणं. त्या दिवशीचे ३५० रुपये झाले. घरी जाऊन मी नवऱ्याला चाकाचा पुरावा दाखवला. इटारसीच्या भांडणाचा निकाल माझ्या बाजूनं लागला.

मधलं वर्ष बॅगेला काही झालं नाही. सासूबाईंकडून मानेवाड्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेलो तेव्हा तिच्यात कुकर, मिक्सर आणि देव एकत्र गेले. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला चिखलदऱ्याला गेलो. गाडी मित्राची, बॅग टपावर, आणि परतवाडा सोडून घाटाला लागलो तसा पाऊस कोसळला. कवच टणक असल्यानं आत काही भिजणार नाही अशी आमची समजूत होती. कवचातून पाणी गेलं नाहीच, चेनमधून गेलं. मी मुद्दाम नेलेली पैठणी घडी करून कडेला ठेवली होती, तिच्यावर चेनच्या रेषेत बरोबर एक ओली रेघ उमटली, पट्टीनं आखल्यासारखी. भीमकुंडाजवळच्या फोटोत धुक्यामुळे काही दिसत नाही, ना कुंड ना पैठणी. रेघही नाही, हे बरं.

दुसरी दुरुस्ती विमानाची. नवऱ्याचं बेंगळुरूला ट्रेनिंग होतं, मी पण शनिवार-रविवार जोडून गेले. आमचा दोघांचा हा पहिला विमानप्रवास. येताना नागपूरला, सोनेगाव विमानतळावर, पट्ट्यावर बॅग आली ती लंगडत. एक चाक वाटीसकट गायब आणि त्या जागी कवचाला बोटभर तडा. आम्हाला वाटलं घरी जाऊन फोन करू. दुसऱ्या दिवशी फोनवर उत्तर मिळालं की विमानतळाबाहेर पडलात म्हणजे बॅग नीट मिळाली असंच आम्ही धरतो, आणि शिवाय चाकं म्हणजे वापरानं होणारी झीज. म्हणून सांगते, पट्ट्यावरून बॅग उचलली की तिथंच उलटी करून बघा, फोटो काढा आणि काउंटरवर लेखी तक्रार देऊनच दाराबाहेर पाय टाका. मागे रांग लागू द्या.

काकांनी तडा बघितला आणि स्पष्ट नाही म्हणाले. "चिकटवून देतो म्हणणारे लय भेटतील. मी नाही देत. भार पडला का पुन्हा सुटते." चाकाचं मात्र केलं. तडा गेलेल्या जागी आतून ॲल्युमिनियमची पट्टी टाकली आणि बोल्ट त्या पट्टीतून घेतला, म्हणजे कवचावर ताण नको. या वेळी चारही चाकं बदलली. जुन्यांचं वरचं रबरासारखं आवरण भुगा होऊन राहिलं होतं, आणि मला वाटत होतं आपण वापरतोच कितीशी! त्यांचं म्हणणं, ते वापरानं नाही, ठेवून ठेवून होतं. त्या आवरणाला ओल लागत गेली की ते आतून सुटतं, बॅग सज्ज्यावर नुसती पडून असली तरी. ६५० रुपये. तीन चाकं काळी, एक राखाडी. एका मापाची चार काळी नव्हती. "राखाडी कोण पाहते ताई?" मी पाहते, रोज, पण गाडीत चढताना आपली बॅग ओळखायला ते एक चाक फार कामाचं आहे.

आता अर्धा गुण. एक, पार्किंग. मेन रोडला संध्याकाळी दुचाकी लावायची म्हणजे तासभर तिथंच. मेट्रोनं सीताबर्डीला किंवा झाशी राणी चौकात उतरून चालत जा. पण मग लक्षात येतं की आपण मोडकी बॅग घेऊन चालतोय. दोन, पावती. बॅगेच्या हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतात, तिचा फाडलेला अर्धा आपल्याकडे. संपलं. माझ्यासारख्या बाईला, जी भाजीचाही हिशेब लिहिते, ते सहन होत नाही. मी एकदा बिल मागितलं तर काकांनी चिठ्ठीच्या मागे '६५० दिले' लिहून दिलं, तारीख नाही, सही नाही. तीन, शुक्रवार म्हणाले तर शनिवार धरा. चार, दुपारी एक ते साडेतीन शटर खाली. फोन वाजतो, कोणी उचलत नाही. आणि ते रागावतात. बॅगेवर बसून चेन लावतो असं माझ्या तोंडून निघालं तर अख्ख्या बोळीसमोर ऐकवलं, "कायले बसता? दोन बॅगा घ्या ना!"

तिसरी दुरुस्ती मागच्या महिन्यातली. चेन लावली की मागून उघडत येत होती. मला वाटलं पूर्ण चेन बदलावी लागणार, मोठं काम, मोठा खर्च. काकांनी चेनचा सरकता रनर उलटा केला, पाठीवरचा आकडा दाखवला, १०. हा चेनच्या दातांच्या रुंदीचा नंबर, साधारण मिलिमीटरमध्ये. पर्सला ५ असतो, मोठ्या बॅगेला ८ किंवा १०. दात शाबूत असतील आणि चेन मागून उघडत असेल तर दोष रनरचा. तो झिजून सैल होतो आणि दातांना दाबू शकत नाही. कधी पकडीनं दोन्ही बाजू हलक्या दाबल्या तरी महिनाभर चालतो. पण लोक अख्खी चेन बदलून येतात, आणि काही दुकानदार बदलूनही देतात. इथं दोन रनर बदलले, १२० रुपये.

"कधी पाहिजे?" काकांनी विचारलं. नवरा म्हणाला, "डॉक्टरांनी बावीस तारीख दिलीय." काकांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं, म्हणजे माझ्या पोटाकडे, आणि स्टूल पुढे सरकवलं. मग चिठ्ठीवर तारीख लिहिली, १२. नवरा म्हणाला, काका, बावीस. "पोरं कॅलेंडर पाहून येत नाहीत," म्हणाले, आणि खाली एक शब्द लिहून रेघ मारली. मी घरी येऊन अर्धी चिठ्ठी बघितली. 'लाल बॅग, दवाखाना.'

बारा तारखेला, शुक्रवारचा शनिवार न करता, बॅग तयार होती. रनर मेण लावल्यासारखा सरकत होता. आतल्या अस्तराचा एक कोपरा उसवलेला होता, तो न सांगता शिवून दिला होता, निळ्या दोऱ्यानं. नवऱ्याला वाटलं आता काका पैसे घेणार नाहीत. काकांनी १२० सांगितले होते, शिवणाचे २० धरून १४० घेतले.