झडतीत सुई टोचली: एचआयव्ही टाळायची गोळी आजच, की आरोपीचा रिपोर्ट आल्यावर?

आरोपीच्या जीन्सच्या मागच्या खिशात हात घातला आणि करंगळीला कचकन टोचलं. पुडीसोबत सिरिंज होती. हातात निळे नायट्राइलचे मोजे होते, पण ते रक्त अडवतात, सुई नाही. नळाखाली साबणाने धुतलं, ते बरोबर केलं. बोट पिळलं आणि वर स्पिरिट ओतलं, ते चुकलं.

मग पोलीस ठाण्यात दोन तट पडले. एक म्हणे, “आरोपीची एचआयव्ही टेस्ट होऊ दे, मग बघू.” दुसरा म्हणे, “आत्ताच सिव्हिलला चल.”

थांबा म्हणणारे अगदीच चूक नाहीत. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तरी लागण हजारात साधारण तिघांना होते. लागण टाळायचं औषध २८ दिवस घ्यायचं, त्यात मळमळ, डोकेदुखी. नाइट ड्यूटीत ते जड जातं.

पण घड्याळ थांबत नाही. पहिली गोळी शक्यतो २ तासांत पोटात जायला हवी. ७२ तास उलटल्यावर ती सुरूच करत नाहीत. आरोपीची टेस्ट त्याच्या संमतीशिवाय करता येत नाही, तसा २०१७ चा कायदाच आहे. तो नाही म्हणाला, की तुमचे तास गेले. ताजी लागण असेल तर त्याचा रिपोर्ट निगेटिव्हही येतो. उलट आज सुरू केलेली गोळी गरज नसेल तर डॉक्टर दोन दिवसांनी बंद करतात. म्हणून माझं मत सरळ आहे: आधी गोळी, मग चौकशी.

जायचं कुठे? मी जवळ म्हणून खासगीत गेलो. “सकाळी फिजिशियन येतील,” म्हणाले. तीन तास तिथेच गेले. सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युल्टीत रांग असते, पण औषध फुकट मिळतं आणि पुढे एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या उपचारांचं केंद्र) तिथेच असतं.

सगळे एचआयव्हीलाच घाबरतात. हिपॅटायटिस बी चं (यकृताच्या संसर्गाचं) कुणी विचारत नाही, आणि लस न घेतलेल्याला बाधित सुईतून तो होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के! लस तीन डोसांची: आज, १ महिन्याने, ६ महिन्यांनी. घेतली नसेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा. लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन लागू शकतं, आणि तेही २४ तासांत बरं. हिपॅटायटिस सी ला ना लस, ना आधी घ्यायची गोळी. तपासण्या करत राहायचं. झालाच तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात.

आरोपी अंगावर थुंकला, किंवा अपघाताच्या पंचनाम्यात धडधाकट कातडीवर रक्त लागलं, तर एचआयव्हीची गोळी लागत नाही, धुवा, पुरे. डोळ्यात उडालं तर मात्र पाण्याने भरपूर धुऊन त्याच घाईने निघा.

निघण्याआधी ठाणे अंमलदाराकडून स्टेशन डायरीला वेळेसकट नोंद करून घ्या. त्याच दिवशीचा स्वतःचा निगेटिव्ह रिपोर्टही जपून ठेवा. उद्या लागण निघालीच, तर ती ड्यूटीवर झाली हे दाखवायला तेवढे दोनच कागद असतात.