नंबर मॅचिंग इंजिन: कोड जुळवायचे की पॅड बघायचं?

साठच्या दशकातली शेवरलेट व्ही-८ घेताना इंजिन नंबर मॅचिंग, म्हणजे त्या गाडीचं मूळचंच आहे का, हे बघायला बहुतेक जण आधी इंजिनवरचे तारखांचे कोडच जुळवतात, आणि ते बरोबरच आहे कारण सोपं पडतं. ब्लॉकवर (इंजिनच्या मुख्य ओतीव भागावर) मागे बेलहाउसिंगजवळ, म्हणजे गिअरबॉक्स जोडतात तिथे, कास्टिंगची (ओतकामाची) तारीख उठावात असते, सी १४ ९ म्हणजे १४ मार्च १९६९, आणि पुढे उजव्या हेडसमोरच्या पॅडवर, म्हणजे ब्लॉकवरच्या छोट्या सपाट जागेवर, टी०३२५ ठोकलेलं असेल तर शेवरलेटचा टोनावांडा प्लांट, असेंब्ली २५ मार्च. आधी ओतकाम, मग असेंब्ली, मग गाडी, हा क्रम उलटा निघाला की विषय तिथेच संपला.

पण क्रम जुळला तरी काय सिद्ध होतं? पुस्तक उघडून योग्य कोड ठोकणं बनावट करणाऱ्यालाही जमतंच की!

म्हणून मला पॅडचा पृष्ठभाग जास्त भरवशाचा वाटतो. कारखान्यात डेक (ब्लॉकचा हेड बसतो तो वरचा सपाट भाग, पॅडही त्यातच) ब्रोच करताना, म्हणजे दातेरी हत्याराने सपाट करताना, पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा पडायच्या, पॅड साफ करून टॉर्च आडवा धरला की दिसतात, आणि अक्षरं त्या रेघांवर ठोकलेली हवीत. पॅड आरशासारखं गुळगुळीत, नाहीतर गोल गोल ग्राइंडरच्या खुणा, की शंका घ्यायची. अर्थात इंजिन रिबिल्ड करताना डेक घासला असेल तर खऱ्या ब्लॉकच्या पण रेघा जातात, त्यामुळे लगेच चोर ठरवू नका. आणि हो, वायर ब्रश अजिबात मारू नका पॅडवर, राहिलेला पुरावा पण जाईल.

वेळ कमी असेल तर कोड बघा. पैसे मॅचिंगचे मागत असतील तर मात्र टॉर्च घेऊन वाकाच.