पंप बदला म्हणाले, बदलली ओ-रिंग: पावर स्टिअरिंगचा नऊ महिन्यांचा अनुभव

गाडी २००९ ची डिझेल सेडान, हायड्रॉलिक स्टिअरिंगची, म्हणजे पंपाने दाब दिलेल्या तेलावर हलकं फिरणाऱ्या. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे. स्टिअरिंगच्या पंपाचं काम गेल्या ऑगस्टात केलं तेव्हा मीटरवर १ लाख १४ हजार होते, आज १ लाख २२ हजार ६०० आहेत. आधीच सांगून टाकतो: आवाज गेला तो परत आला नाही. गळती बरीचशी गेली, सगळी नाही.

आवाज कसला, तर आमचं जुनं घर बडोद्याच्या दांडिया बाजारात. तिथे गाडी लावायची म्हणजे एकदा स्टिअरिंग डावीकडे पार टोकापर्यंत, म्हणजे पूर्ण लॉक, एकदा उजवीकडे, असं चार-पाच वेळा केल्याशिवाय ती भिंतीकडेला नीट उभी राहत नाही. प्रत्येक लॉकला बॉनेटखालून पिठाची गिरणी सुरू व्हावी तसा घूंऽऽ. समोरच्या काकू खिडकीत न येताच आतून विचारायच्या, "आलास का रे?" सकाळी गाडी थंड असताना जास्त, रेस केली की सूर चढणार, स्टिअरिंग सरळ केलं की कमी होणार. जोडीला बॉनेटखालच्या स्टिअरिंग ऑइलच्या डबीतलं ऑइल आठवड्याला बोटभर खाली.

पहिली चूक माझीच. गळती थांबवणाऱ्या औषधाची एक बाटली आणून डबीत ओतली. महिनाभर खरंच बरं वाटलं. ही औषधं रबराच्या सिलांना थोडं फुगवतात, त्यामुळे नुसतं सुकून आकसलेलं सील काही दिवस धरतं. फाटलेल्या, चिरलेल्या सिलाला त्याचा काही उपयोग नाही. दुसऱ्या महिन्यात ऑइल पुन्हा खाली, आवाज जसाच्या तसा. याच दिवसांत एका शेजाऱ्यांनी घरात उरलेलं ब्रेक ऑइल टाकायला सुचवलं होतं, तेवढं मात्र मी ऐकलं नाही. ब्रेक ऑइल स्टिअरिंगच्या सिलांना चालत नाही, रबर मऊ पडून वाट लागते. कुठलं ऑइल ते बहुतेक डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. माझ्या गाडीला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) डेक्सरॉन लागतं, लाल रंगाचं. तुमच्या गाडीला दुसरं काही लागत असेल तर तेच टाका.

मग एका गॅरेजला दाखवली. बॉनेट उघडून पुरतं मिनिटही झालं नसेल, निकाल तयार: "पंप गयो, साहेब. रॅक पण साथे करावी लो." म्हणजे पंप गेला, सोबत रॅकही (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग) करून घ्या. एस्टिमेट १९,५०० रुपये. मी "घरी विचारून सांगतो" म्हणून निघालो. बडोद्यात हे वाक्य कोणालाही न दुखावता निघायला कामी येतं.

घरी येऊन थोडं स्वतः बघितलं. आधी बेल्ट. बेल्ट किंचाळतो, पंप कण्हतो, हा फरक एकदा कानात बसला की चुकत नाही. तरी खात्री म्हणून गाडी चालू ठेवून, बाही वर सारून, बाटलीच्या झाकणातून बेल्टवर चार थेंब पाणी टाकलं. बेल्टचा आवाज असता तर तेवढ्यापुरता बदलला असता. काही फरक नाही, म्हणजे बेल्ट निर्दोष.

मग डबीचं झाकण उघडलं आणि तिथेच उत्तर होतं, फक्त मला ते कळलं दोन दिवसांनी. ऑइलवर फेस होता, रोझ मिल्कवर येतो तसा गुलाबी. पातळी बरोबर खुणेवर असूनही फेस. म्हणजे कुठून तरी हवा आत जात होती. पंपाच्या पात्यांना तेलाऐवजी बुडबुडे मिळाले की ते दाबाखाली फुटतात, आणि आपण ऐकतो तो घूंऽऽ हाच.

गळती शोधायला पुठ्ठा. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवला, सकाळी दोन डाग: एक पंपाखाली रुपयाएवढा, दुसरा उजव्या चाकाच्या बाजूला फिकट. मग इंजिन गार असताना पंपाचा आणि पाइपांचा भाग पुसून कोरडा केला, त्यावर आईचा पावडरचा डबा रिकामा केला (नंतर नवा आणून द्यावा लागला) आणि वाघोडिया रोडपर्यंत चक्कर मारली. परत आल्यावर पांढऱ्या पावडरीत ओली रेघ स्पष्ट दिसते. माझी निघाली सक्शनच्या तोंडापाशी, जिथे डबीतून येणारा पाइप पंपात शिरतो. एक इशारा: इंजिन चालू असताना पंपातून रॅककडे जाणाऱ्या जाड पाइपाला हात लावून गळती चाचपू नका. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, या पाइपात पूर्ण लॉकला साधारण ७० ते १०० बार दाब असतो. आणि ते तेल गरम एक्झॉस्टवर उडालं तर पेटू शकतं.

त्याच वाघोडिया रोडवर एक वयस्कर मिस्त्री आहेत, मूळचे जळगावकडचे. त्यांनी माझी पावडर बघून आधी हसून घेतलं. मग बोटावर ग्रीस घेतलं, सक्शनच्या तोंडाभोवती जाड थापलं आणि म्हणाले, "आता फिरवा." मी लॉक मारला. घूंऽऽ निम्मा. परत फिरवला, अजून कमी. "पंपाला कशाला बोल लावता? तो बिचारा हवा पितोय." गाडी चालू असताना तिथे पंप खेचत असतो, त्यामुळे ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. गाडी उभी राहिली की मग तिथूनच थेंब गळतात. एवढी साधी गोष्ट मला दोन महिने आणि एका बाटलीनंतर समजली.

खोलल्यावर मिस्त्रींनी त्या तोंडातली ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद ठेवणारं रबराचं कडं, हातात दिली. गोल असायला हवी ती दाबून चपटी झालेली. वाकवायला गेलो तर वाळलेल्या भेंडीसारखी कटकन मोडली. पंप उतरवलाच होता म्हणून पुलर लावून पुली काढली आणि शाफ्टचं सीलही बदललं, पुलीच्या मागे तेल लागलेलं होतं. पाती आणि आतली रिंग ठीक होती, चरे नव्हते. डबीच्या तळाची जाळी काळ्या गाळाने तुंबलेली. ती वेगळी मिळत नाही, म्हणून डबीच नवी.

खर्च: सील किट ३५०, सक्शन होज ४२०, डबी ६५०, क्लिपा ८०, दोन लिटर ऑइल ९००, मजुरी १,५००. एकूण ३,९००.

जुनं ऑइल काढायला रिटर्नचा, म्हणजे ऑइल डबीत परत आणणारा पाइप एका बाटलीत सोडला, पुढची चाकं स्टँडवर उचलली आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकाकडून त्या टोकाला. काळं आलं, मग तपकिरी, मग लाल. पाइप परत जोडून, डबी भरून, हवा काढायला पुन्हा वीस वेळा तेच, तेव्हा कुठे स्टार्टर. दंड दुखले. पण घाईने आधीच इंजिन सुरू केलं तर सगळी हवा घुसळून फेसच होतो. दोन-तीन दिवस बारीक बुडबुडे दिसले, पातळीही किंचित उतरली. मी घाबरलो, मिस्त्री नाहीत घाबरले. थोडं ऑइल टाकलं आणि ती पातळी स्थिरावली.

दिवाळीत पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन सापुताऱ्याच्या घाटाने नाशिकला गेलो. वळणावर वळण, एकदाही आवाज नाही. डिसेंबरात मात्र पुठ्ठ्यावर पुन्हा लाल डाग. यावेळी रिटर्न पाइपाची क्लिप. स्क्रूची स्वस्त क्लिप जास्त आवळली गेली होती आणि तिच्या पट्टीने रबर कापलं होतं. नवा तुकडा आणि स्प्रिंगची क्लिप, २६० रुपये. स्प्रिंगची क्लिप रबर गरमीत बसलं तरी आपोआप दाब धरून ठेवते, पहिल्यांदाच तीच मागायला हवी होती. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतानाही स्टिअरिंग हलकंच राहिलं. आता लॉक मारून धरून ठेवण्याची सवयही मोडली आहे. टोकाला टेकलं की केसभर मागे सोडतो, नाहीतर पंप पूर्ण दाबावर अडकतो आणि ऑइल तापतं.

मेव्हण्याने हे सगळं ऐकून आपल्या नव्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि अर्धा तास स्टिअरिंग ऑइलची डबी शोधली. त्याचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, डबी नाहीच.

राहिलं रॅकचं उजवं टोक. तिथल्या रबरी बुटाची (टोक झाकणाऱ्या आवरणाची) क्लिप सैल करून आत कागद फिरवला तर ओलसर येतो, डावा कोरडा. म्हणजे रॅकच्या टोकाचं सील हळूहळू सोडतंय. बुटातून धार निघाली तर रॅक उतरवावा लागेल, त्यानंतर व्हील अलाइनमेंटही. सध्या नुसता ओलावा आहे. डबीवर मी चिकटपट्टी लावून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाडी गार असताना, पेनाने रेघ मारतो. डिसेंबरनंतरच्या पाच रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्यात. ताजी सहावी रेघ मात्र दोन-तीन मिलिमीटर खाली आहे.